प्रीहीटिंगचे लॅटिस सिम्युलेशन : सुरुवात क्वांटम, गणित क्लासिकल. भरवसा कुठपर्यंत?

तरंगांक

इन्फ्लेशन, म्हणजे विश्वाचे सुरुवातीचे अतिवेगवान प्रसरण, संपते तेव्हा विश्वाची जवळजवळ सगळी ऊर्जा एका एकसंध क्षेत्रात, म्हणजे इन्फ्लेटॉनमध्ये, असते. ते क्षेत्र विभवाच्या तळाशी हेलकावे घेऊ लागते आणि त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या क्षेत्राच्या ठरावीक तरंगांकांच्या लाटांना, म्हणजे मोडना (तरंगांक मोठा तितकी लाट आखूड), दर हेलकाव्यात ऊर्जा मिळत जाते; हाच प्रीहीटिंगचा टप्पा. हा पॅरामेट्रिक रेझोनन्स ट्रॅशेन आणि ब्रँडनबर्गर यांनी १९९० मध्ये मांडला. १९९४ आणि १९९७ मध्ये कोफमन, लिंडे आणि स्टारोबिन्स्की यांनी त्याचा सविस्तर सिद्धान्त दिला. वाढ घातांकी असते, त्यामुळे थोड्याच हेलकाव्यांत दुय्यम क्षेत्र इतके फुगते की रेषीय समीकरणे निकामी होतात. तिथून पुढे कागद-पेन चालत नाही.

खलेब्निकोव्ह आणि तकाचेव्ह यांनी १९९६ मध्ये हा पुढचा टप्पा सरळ क्लासिकल क्षेत्रसमीकरणे जाळीवर (लॅटिसवर, म्हणजे जागेतल्या ठरावीक अंतरांवरच्या बिंदूंवर) मांडून सोडवला. मग २००० साली फेल्डर आणि तकाचेव्ह यांचा लॅटिसईझी हा प्रोग्राम आला, पुढे डीफ्रॉस्ट, एचलॅटिस, आणि २०२१ पासून कॉस्मोलॅटिस. पद्धत रुळली आहे, पण नव्याने हात घालणाऱ्यांचा प्रश्न तोच असतो : घटना क्वांटम आणि समीकरण क्लासिकल, मग यातले क्वांटम गेले कुठे?

माझे उत्तर : क्वांटम एकदाच आत येते, सुरुवातीच्या निर्वात विचलनांतून, म्हणजे रिकाम्या जागेतही उरणाऱ्या क्वांटम चढउतारांतून. नंतर एकाही पायरीत ते नसते. म्हणून निकालावर किती विसंबायचे हे पहिल्या क्षणाला काय भरले आणि जाळीच्या टोकाला काय उरले, यावर ठरते.

उदाहरण म्हणून नेहमीचे प्रारूप घेऊ. इन्फ्लेटॉनचा चतुर्घाती विभव, लॅम्डा = ९×१०^-१४, आणि दुय्यम क्षेत्राशी वर्ग-गुणिले-वर्ग अशी जोडणी. जोडणीच्या स्थिरांकाच्या वर्गाला लॅम्डाने भागले की क्यू मिळतो, तो १०० घेऊ. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांनी हा विभव मोठ्या क्षेत्रमूल्यांसाठी बाद ठरवला आहे, हे खरे. तरी शिकायला यासारखे प्रारूप नाही, कारण कन्फॉर्मल काळात (म्हणजे विश्वाच्या त्या-त्या क्षणीच्या आकाराने, स्केल फॅक्टरने, भागून मोजलेल्या काळात) लिहिले की विश्वाचे प्रसरण समीकरणातून जवळपास निघून जाते.

आता एककांकडे नीट बघा. क्षेत्र सुरुवातीच्या आयामाच्या, म्हणजे हेलकाव्याच्या उंचीच्या, एककात मोजा (५.६९६४×१०^१८ जीईव्ही, म्हणजे सुमारे २.३४ लघुकृत प्लँक वस्तुमाने). काळ मोजायचा तो १ भागिले (लॅम्डाचे वर्गमूळ गुणिले हा आयाम) या एककात. असे केले की क्षेत्रसमीकरणांतून लॅम्डा पूर्ण नाहीसा होतो, फक्त क्यू उरतो. लॅम्डा परत भेटतो तो एकाच जागी : निर्वात विचलनांचा आकार लॅम्डाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३×१०^-७ ने, गुणला जातो. थोडक्यात प्लँकच्या स्थिरांकाचे काम इथे लॅम्डा करतो. लॅम्डा इतका लहान आहे म्हणून क्लासिकल गणित चालते.

शततारका

छान मांडणी. ही अट आकड्यांत दाखवते, म्हणजे ती केवळ श्रद्धेची बाब राहणार नाही.

प्रत्येक मोडमध्ये निर्वाताचा अर्धा क्वांटा भरला की जाळीवर जी ऊर्जाघनता येते ती ढोबळमानाने कमाल तरंगांकाचा चौथा घात भागिले (१६ गुणिले पायवर्ग), आणि त्याला लॅम्डाने गुणायचे. कमाल तरंगांक ५५ धरला तर लॅम्डाच्या आधीचा आकडा सुमारे ६×१०^४ येतो. लॅम्डा ९×१०^-१४ असेल तर गुणाकार ५×१०^-९. पार्श्वभूमीची विभव-ऊर्जा याच एककात पाव आहे. म्हणजे भरलेला अर्धा क्वांटा कुणाला जाणवणारही नाही.

आता लॅम्डा १०^-४ करून बघा. तीच बेरीज ६ येते. पार्श्वभूमीच्या चोवीसपट ऊर्जा निव्वळ निर्वातात! क्लासिकल समीकरणाला ती खऱ्या कणांसारखीच दिसते. ती आपापसात आदळते, इन्फ्लेटॉनवर आदळते, आणि रेझोनन्स सुरू होण्याआधीच सगळे विस्कटते. प्रोग्राम तक्रार करत नाही, आलेख सुबक निघतात, आणि त्यांना काही अर्थ नसतो. लॅम्डा बदलून रन टाकायच्या आधी हा गुणाकार करणे सक्तीचे समजावे.

खगोलनंदन

प्रत्यक्ष मांडणीचे आकडे कोणी देईल का? एन (जाळीच्या एका बाजूवरचे बिंदू) किती, पेटीची बाजू किती, काळाची पायरी किती?

तरंगांक

क्यू = १०० साठी रेझोनन्सचा पट्टा तरंगांक शून्यापासून सुमारे (क्यू भागिले २ पायवर्ग) च्या चतुर्थमूळापर्यंत जातो. ते १.५ येते. त्यात शून्य तरंगांक येतो की नाही हेही क्यूवरच ठरते : १ ते ३, ६ ते १०, १५ ते २१, अशा टप्प्यांत येतो. १०० हा ९१ ते १०५ या टप्प्यात बसतो. शिवाय २ गुणिले पूर्णांकाचा वर्ग अशा क्यूला वाढीचा दर कमाल, ०.२३७७ असतो, आणि ९८ अगदी शेजारी आहे. म्हणून उदाहरणाला १०० सोयीचा.

मी हे घेईन :

एन = २५६
किमान तरंगांक = ०.२५ (पेटीची बाजू २५.१३)
जाळीतले अंतर = ०.०९८
काळाची पायरी = ०.०१
शेवटचा काळ = ३००
सुरुवातीच्या विचलनांची वरची मर्यादा = ४
इंटिग्रेटर = दुसऱ्या क्रमाचा व्हेलॉसिटी व्हर्ले

किमान तरंगांक ०.७५ ठेवला तर १.५ च्या आत जेमतेम ३२ मोड येतात, आणि क्षेत्र वास्तव असल्याने त्यातले स्वतंत्र फक्त १६. ०.२५ ला तेच सुमारे ९०० होतात. मोड कमी असले की सीड (यादृच्छिक आकड्यांचा प्रारंभबिंदू) बदलला की निकाल बदलतो, आणि तो फरक भौतिकीतला वाटू लागतो.

वरच्या टोकाला अक्षाच्या दिशेने ३२ आणि कर्णाच्या दिशेने ५५ पर्यंत जागा मिळते. सुरुवातीला १.५ पुरतो, पण क्षेत्रे एकमेकांवर आदळू लागली की स्पेक्ट्रम १० च्या पुढे सहज जातो. तेवढी जागा आधीच ठेवावी लागते.

काळाच्या पायरीची स्थिरतेची मर्यादा म्हणजे जाळीतले अंतर भागिले ३ चे वर्गमूळ, इथे ०.०५७. पण तिच्या काठावर चालू नये. दुय्यम क्षेत्राची वारंवारता क्यूच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १० पर्यंत, जाते. इन्फ्लेटॉनचा हेलकावा ७.४ एककांचा आणि दुय्यम क्षेत्राचा जेमतेम ०.६ चा, म्हणून ०.०१ योग्य.

स्मृती : १ कोटी ६८ लाख बिंदू, दोन क्षेत्रे आणि त्यांचे दोन संवेग, आठ बाइटचे आकडे. सुमारे ५४० एमबी. साध्या डेस्कटॉपवर मावते. एन ५१२ केला की ४.३ जीबी, १०२४ ला ३४ जीबी.

पाचवा_घात

सुरुवातीच्या विचलनांबद्दल तपशिलात लिहितो, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात.

प्रत्येक तरंगांकाला सरासरी वर्ग (एन भागिले जाळीतले अंतर) चा घन, भागिले २ ओमेगा. ओमेगा म्हणजे तरंगांकाचा वर्ग अधिक परिणामी वस्तुमानाचा वर्ग यांचे वर्गमूळ. आयाम रॅले वितरणातून : शून्य ते एकमधला यादृच्छिक आकडा घ्या, त्याचा उणे लॉग काढा, वर्गमूळ घ्या आणि वरच्या सरासरी वर्गाच्या वर्गमुळाने गुणा. फेज शून्य ते २ पाय एकसारखी. आयाम ठरावीक ठेवून फक्त फेज यादृच्छिक घेणारे कोड दिसतात. तिथे सरासरी स्पेक्ट्रम बरोबर येतो, पण मोडनिहाय चढउतार हरवतात. ते निर्वात नव्हे.

मग डावीकडे आणि उजवीकडे जाणाऱ्या अशा दोन लाटा स्वतंत्र फेजने घ्यायच्या आणि त्यांच्या बेरजेला २ च्या वर्गमुळाने भागायचे. संवेगासाठी त्याच दोघींची वजाबाकी गुणिले आय ओमेगा, आणि त्यातून प्रसरणाचा भाग वजा. एकच लाट घेऊन भागत नाही. क्षेत्र वास्तव असल्याने एका तरंगांकाचा मोड विरुद्ध तरंगांकाच्या मोडचा संयुग्मी असतो, त्यामुळे एकाच लाटेत आपण निवडलेल्या अर्ध्या भागातल्या सगळ्या लाटा एका बाजूला धावतात आणि पेटीला निव्वळ संवेग मिळतो. विश्वाला आपणच दिशा दिल्यासारखे होते.

आता एफएफटीडब्ल्यू या फूरिए रूपांतराच्या लायब्ररीचा खास खड्डा. संमिश्र ते वास्तव रूपांतरात शेवटच्या अक्षाचा निम्माच भाग, एन/२ + १ एवढा, साठवला जातो. त्यातल्या शून्याच्या आणि एन/२ च्या प्रतलांवर मात्र तरंगांक आणि त्याचा विरुद्ध तरंगांक दोन्ही हजर असतात. त्यांचे संयुग्मी नाते हाताने लावावे लागते, आणि ज्यांचा प्रत्येक घटक शून्य किंवा एन/२ आहे असे ८ बिंदू वास्तव ठेवावे लागतात. हे विसरले तर लायब्ररी काहीच बोलत नाही. ती काल्पनिक भाग मुकाट्याने टाकून देते आणि त्या प्रतलांवरची शक्ती निम्मी होते.

ओळखायची खूण : क्षेत्र पुन्हा उलटे रूपांतरित करून स्पेक्ट्रमचा पहिला कप्पा बघा. त्यात अक्षांवरचे सहा मोड असतात, त्यातले चार शून्य प्रतलावर. चारांची शक्ती निम्मी, म्हणून अनेक सीडच्या सरासरीत पहिला कप्पा बरोबर एक तृतीयांशाने कमी येतो. पुढच्या कप्प्यांत तूट घटत जाते. स्पेक्ट्रमच्या सुरुवातीला अशी हळूहळू भरून येणारी तूट दिसली तर भौतिकी शोधायला जाऊ नका, आधी ही दोन प्रतले तपासा.

खगोलनंदन

फारच उपयोगी. जीपीयूवर चार बाइटचे आकडे वापरून वेग दुप्पट करता येईल का?

पाचवा_घात

या प्रारूपात नाही. इन्फ्लेटॉनचे एकसंध मूल्य १ आणि त्यावरची विचलने, मर्यादा ४ धरली तर, सुमारे १०^-७. चार बाइटमध्ये १ जवळची पूर्णांकनाची चूक ६×१०^-८. म्हणजे जे क्वांटम म्हणून भरले त्याच्या निम्म्याइतका कचरा पहिल्याच क्षणी. त्या कचऱ्याचा स्पेक्ट्रम निर्वाताचा नसतो, तो सगळ्या तरंगांकांवर सारखा पसरतो आणि लॅप्लेसियनमध्ये वरच्या टोकाला उसळतो. एकसंध भाग वेगळा ठेवून फक्त विचलने उत्क्रांत केली तर सुरुवातीचा टप्पा निभावतो, पण त्यासाठी समीकरणे नव्याने लिहावी लागतात. त्यापेक्षा आठ बाइट बरे.

रेवा_त

मूळ प्रश्नावर येऊ. क्लासिकल समीकरण चालते याचे कारण "कणसंख्या एकापेक्षा खूप मोठी" एवढेच सांगून लोक थांबतात. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

एक : जोवर समीकरणे रेषीय आहेत तोवर क्लासिकल गणित अंदाज नाहीच, ते अचूक आहे. निर्वाताचे विग्नर फलन (क्षेत्र आणि संवेग यांचे एकत्रित क्वांटम वितरण) गॉसियन आणि सर्वत्र धन असते. वर्गघाती हॅमिल्टोनियनमध्ये ते क्लासिकल वितरणासारखेच वाहते. कणसंख्या शून्य असली तरी. पोलार्स्की आणि स्टारोबिन्स्की यांनी १९९६ मध्ये इन्फ्लेशनमधल्या विचलनांबद्दल जे मांडले त्याचा गाभा हाच : मोड इतका दाबला जातो की त्याचा वाढता भाग यादृच्छिक क्लासिकल चलासारखा वागतो.

दोन : अरेषीय टप्प्यात विग्नर फलनाच्या समीकरणात जादा पद येते. मोयालच्या विस्तारात ते प्लँक स्थिरांकाचा वर्ग भागिले २४, गुणिले विभवाचा तिसरा अवकलज, गुणिले संवेगानुसार तिसरा अवकलज. चतुर्घाती विभवात विस्तार तिथेच संपतो. आपण हे पद टाकून देतो, अंदाज तेवढाच. मोड फुगलेला असला की विग्नर फलन संवेगाच्या दिशेने पसरट होते, तिसरा अवकलज नगण्य होतो आणि पद टाकणे योग्य ठरते. मोड फुगलेला नसेल तर ते टाकायला आधार नाही.

म्हणून धोका सुरुवातीला नाही. तो अरेषीय टप्प्यात, वरच्या टोकाच्या रिकाम्या मोडमध्ये आहे.

शततारका

सहमत, आणि "सुरुवातीच्या विचलनांची मर्यादा ४" कशासाठी तेही यातून कळते. पट्ट्याबाहेरचे मोड वाढणार नाहीत. त्यात अर्धा क्वांटा भरला तर अरेषीय टप्प्यात तो खऱ्या कणासारखा आदळत बसेल. रिकामे ठेवले तर आदळण्यातून जे येईल ते खरे.

चाचणी सोपी आहे. मर्यादा ४, ८ आणि बिनमर्यादा अशा तीन रन एकाच सीडने घ्या. ऊर्जेची वाटणी आणि कमी तरंगांकांचा स्पेक्ट्रम तिन्हींत जुळला पाहिजे. जुळला नाही तर तुमचा निकाल जाळीचा आहे, विश्वाचा नाही.

खगोलनंदन

ऊर्जेच्या अक्षय्यतेची चाचणी प्रसरणात कशी घ्यायची? तिथे ऊर्जा अक्षय्य नसतेच.

तरंगांक

प्रसरणाची फ्रीडमन समीकरणे दोन. त्यातले पहिले चाचणीसाठी राखून ठेवायचे. स्केल फॅक्टर दुसऱ्या समीकरणाने, त्याच्या द्वितीय अवकलजावरून, पुढे न्यायचा. मग दर काही पायऱ्यांनी हबल दराचा (प्रसरणाच्या दराचा) वर्ग एकीकडे आणि जाळीवरची सरासरी ऊर्जाघनता दुसरीकडे ठेवून सापेक्ष फरक मोजायचा. दुसऱ्या क्रमाच्या इंटिग्रेटरला पायरी निम्मी केली की फरक चौपट कमी झाला पाहिजे. फक्त निम्मा झाला तर कोडमध्ये कुठेतरी क्षेत्र आणि संवेग अर्ध्या पायरीने चुकले आहेत, बहुधा स्केल फॅक्टरच्या अद्ययावतीत. कॉस्मोलॅटिसमध्ये दहाव्या क्रमापर्यंतचे इंटिग्रेटर आहेत, पण सरसकट ते वापरण्यात अर्थ नाही. काळातली चूक १०^-१२ वर नेली तरी जागेतली चूक, म्हणजे जाळीच्या अंतराची, तशीच राहते.

एक सावधगिरी : ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे भौतिकी बरोबर, असे नाही. लॅम्डा १०^-४ च्या त्या निरर्थक रनमध्येही ऊर्जा व्यवस्थित जुळते.

वाढीचा अंदाज आधीच काढून ठेवावा. पट्ट्यातल्या मोडमुळे दुय्यम क्षेत्राचे सुरुवातीचे विचलन सुमारे १.५×१०^-८. क्यू गुणिले विचलनाचा वर्ग १ च्या घरात गेला, म्हणजे विचलन ०.१ झाले, की इन्फ्लेटॉनवर उलट परिणाम सुरू. लॉग सुमारे १६, दर ०.२३, म्हणजे काळ ७० च्या आसपास. पट्ट्यातल्या सगळ्या मोडचा दर कमाल नसल्याने प्रत्यक्षात थोडा उशीर लागतो. रनमध्ये हा टप्पा २० ला किंवा २०० ला आला तर थांबून तपासा.

खगोलनंदन

मग रन लांबवली की विश्व तापून समतोलात येईल ना?

रेवा_त

नाही. क्लासिकल क्षेत्राचा समतोल म्हणजे प्रत्येक मोडला सारखी ऊर्जा, तोच रॅले-जीन्सचा घोळ. जाळी बारीक करत गेलो तर तापमान शून्याकडे जाते. बोस-आइन्स्टाइन वितरण यातून कधीच निघणार नाही.

दरम्यानचा टप्पा मात्र क्लासिकल गणितात नीट पकडता येतो. मिखा आणि तकाचेव्ह यांनी दाखवले की रेझोनन्सनंतर क्षेत्र प्रक्षोभात जाते : कणसंख्या तरंगांकाच्या उणे दीड घाताने उतरते आणि स्पेक्ट्रमचे वरचे टोक काळाच्या सुमारे १/५ घाताने पुढे सरकते. म्हणजे टोक दहापट पुढे न्यायला काळ लाखपट हवा. टोकाशी कणसंख्या एकच्या घरात आली की क्लासिकल वर्णन संपले. पुनर्तापनाचे तापमान थेट रनमधून वाचून काढू नये. प्रमाण-नियम रनमधून घ्यावा आणि तो कागदावर पुढे न्यावा.

फर्मिऑनना ही पद्धत लागूच नाही. पाउलीच्या तत्त्वाने कणसंख्या एकापुढे जात नाही, मग क्लासिकल मर्यादा कुठली? त्यांची मोडफलने वेगळी सोडवावी लागतात.

शततारका

आणि टनेलिंग, म्हणजे अडथळ्यावरून न जाता त्यातून पार होणे? खोट्या (वरकरणीच स्थिर) निर्वाताचा ऱ्हास अशाच जाळीवर दिसतो, असा दावा २०१९ मध्ये ब्रेडन, जॉन्सन, पीरिस, पाँट्झेन आणि वाइनफुर्टनर यांनी मांडला होता. निर्वाताची यादृच्छिक विचलने भरून एक-मितीय जागेत क्लासिकल उत्क्रांती केली तर बुडबुडे आपोआप जन्मतात.

रेवा_त

बुडबुडे जन्मतात हे खरे. पण त्यांचे कारण टनेलिंग म्हणावे की विचलने एकत्र येऊन अडथळ्यावरून पलीकडे गेली म्हणावे, यावर वाद आहे. हर्ट्झबर्ग आणि यामादा यांनी त्याच वर्षी विश्लेषण केले : दराच्या घातांकाचे ढोबळ प्रमाण जुळते, दर तंतोतंत तोच निघेल याची हमी नाही. माझ्या मते इथे प्रीहीटिंगइतका भरवसा ठेवू नये. टनेलिंग घातांकाने लहान आहे, आणि घातांकात भरलेल्या विचलनांचा आकार बसतो. वरची मर्यादा बदलली की परिणामी विभव बदलतो आणि दर लगेच हलतो. अशा रनमध्ये मर्यादेनुसार वस्तुमान दुरुस्त केले आहे का, हे आधी विचारावे.

त्याची दुसरी बाजू प्रयोगातून कळेल. २०२४ मध्ये इटलीतल्या ट्रेंटोच्या गटाने सोडियमच्या अतिशीत फेरोमॅग्नेटिक अतिप्रवाही वायूत असे बुडबुडे बनताना पाहिले. तिथे तापमान शून्य नसल्याने औष्णिक आणि क्वांटम वेगळे करणे अवघड आहे, तरी सिम्युलेशनला तपासायला काहीतरी मिळाले.

खगोलनंदन

शेवटचा प्रश्न. प्रीहीटिंगमधून गुरुत्वीय लहरी निघतात असे वाचले. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लिगो-इंडियाला त्या ऐकू येतील का?

तरंगांक

या प्रारूपातल्या नाहीत. आजची वारंवारता साधारण १०^७ ते १०^९ हर्ट्झ निघते, आणि लिगोच्या चार किलोमीटर भुजांचे शोधक सुमारे १० हर्ट्झ ते काही हजार हर्ट्झमध्ये काम करतात. वारंवारता खाली आणायची तर ऊर्जेची पातळी पुष्कळ खाली आणावी लागते.

सिम्युलेशन करायचे असेल तर : मेट्रिकचे सहा घटक आणि त्यांचे संवेग जाळीवर पुढे न्या, आडवा-अनुरेखरहित भाग फक्त आउटपुटच्या वेळी फूरिए अवकाशात काढा. दर पायरीला काढला तर रूपांतरांतच वेळ जाईल. ४ ऐवजी १६ रांगा होतात, एन ५१२ ला १७ जीबी धरून चाला. प्रोजेक्टरमधला तरंगांक मात्र जाळीवरच्या अवकलजाशी जुळणाराच घ्या, म्हणजे साइनचा. साधा तरंगांक घातला तर क्षेत्राच्या प्रवणतेचा अदिश भाग लहरींमध्ये गळतो आणि स्पेक्ट्रमच्या वरच्या टोकाला एक खोटा उंचवटा दिसतो. एन बदलला की तो उंचवटा सरकतो. खरे शिखर जागेवर राहते.